पिनरची कुरडई, घानाचं ऊन

शेजारणीने घानाहून आणलेला स्टार्च मी पहिल्यांदा वापरला तो साडीला. मंडळाचं हळदीकुंकू होतं, साडी कॉटनची होती आणि मापाचा अंदाज माझा मीच घेतला होता. हॉलमध्ये मी खुर्चीवर बसले की निऱ्या पुढे तंबूसारख्या उभ्या राहायच्या, आणि उठले की मागची बाजू खुर्चीच्याच आकारात यायची. वाण द्यायला वाकले तेव्हा असा काही आवाज झाला, की पलीकडची मुलगी घाबरून बाजूला सरकली. घरी येऊन मी साडी सोडली, तर ती बेडरूमच्या कोपऱ्यात बराच वेळ स्वतःच्या पायांवर उभी होती.

मी गाऊन अडकवून तशीच शेजारच्या दारात गेले. “कसलं विष दिलंस मला?” असं विचारल्यावर ती पायरीवर बसून हसायला लागली. “अगं, चमचाभर टाकायचा असतो,” ती म्हणाली. “तू किती टाकलास?” मी वाटीभर टाकला होता. ते मी तिला सांगितलं नाही.

आमचं दोघींचं बोलणं इंग्रजीतच चालायचं, इथे मी ते माझ्या भाषेत आणते आहे. ती माझ्याच वयाची, उंच, मोठ्या आवाजाची. जन्म घानाचा, आणि सगळी नोकरी इथल्या हॉस्पिटलमध्ये नर्स म्हणून झालेली. ती लंडनच्या या पिनरला राहायला आल्यावर आमची पहिली गाठ पडली ती भांडणात. कौन्सिलची कचऱ्याची गाडी यायच्या दिवशी कोणाची बिन कोणाच्या दारापुढे आली, हा विषय होता. दोघी तोडीस तोड निघालो. इथले लोक भांडत नाहीत, नुसते “सॉरी” म्हणून आत जातात आणि पडद्याआडून बघतात. इतकी वर्षं मी मनासारख्या भांडणाला उपाशी होते. त्या दिवसापासून आमचं मेतकूट जमलं ते जमलंच.

हा स्टार्च तिच्या घरचा होता. गावाकडे तिच्या आईने कसाव्याचा छोटा कारखाना काढला होता. कसावा म्हणजे ज्या कंदाचा आपला साबुदाणा होतो, तो. आई गेली, आता भाऊ बघत होता. आजूबाजूच्या बायका कंद सोलायला यायच्या, आणि तयार स्टार्च जवळच्या गावातल्या लाँड्र्या आणि एक-दोन बेकरीवाले घ्यायचे. पण त्यांची गरज ती अशी कितीशी! वर्षातले निम्मे महिने टाक्या कोरड्या पडायच्या आणि बायका घरी बसायच्या. भावाचा एकच धोशा होता: काहीतरी नवीन विकायला शोध आणि ये, नाहीतर मी जागा विकून मोकळा होतो.

आणि तिने ठरवलं होतं. नोकरी संपली होती, मुलं आपापल्या घरी होती. कारखान्याला एक धड गिऱ्हाईक मिळालं की ती कायमची परत जाणार होती. “आईचं काम आहे, मी नाही बघणार तर कोण बघणार?” हे ती मला दर आठवड्याला सांगायची. पिनरमध्ये माझ्या ओळखी पुष्कळ आहेत, पण सकाळी न सांगता जिच्या किचनमध्ये जाऊन बसावं अशी ती एकच होती. ती जाऊ नये असं मला वाटायचं, हे साफ सांगते. पण मैत्रीण म्हणून मदत करायला हवी असंही वाटायचं, आणि माझा स्वभाव असा की मदत करायला घेतली की मी समोरच्याला श्वास घेऊ देत नाही.

नवीन काय विकायचं ते सापडलं माझ्याच डोळ्यांना. एका रविवारी ती भावाला व्हिडिओ कॉल करत होती आणि मी मागून डोकावत होते. तिकडे बायकांनी कंद किसले, पाण्यात कालवले, फडक्यातून गाळले, टाकीत ठेवून दिले. मग आदल्या दिवशीच्या टाकीतलं वरचं पाणी हलकेच ओतलं, आणि तळाला पांढराशुभ्र, घट्ट गोळा बसलेला दिसला. मी ओरडलेच, “हा तर चीक आहे!”

आता तिला चीक कुठला माहीत? मी तिला सांगितलं, की आमच्याकडे गहू भिजवून, वाटून, गाळून असाच साका काढतात, तो शिजवून सोऱ्यातून पाडतात आणि उन्हात वाळवतात. त्या कुरडया. लग्नात, सणात, पाहुणे आले की तळायच्या. पण गव्हाच्या असल्यामुळे त्या उपासाला चालत नाहीत. आणि हा चीक तर साबुदाण्याच्या घरचा! म्हणजे उपासाची कुरडई! लंडनमध्ये उपास करणाऱ्या बायका थोड्या नाहीत, आणि त्यांतली एकही उपासाला उपाशी राहत नाही. एकादशी आणि दुप्पट खाशी, हा आमचा धंद्याचा पाया असणार होता.

हे सगळं आमच्या ह्यांच्या कानावर गेलं तिथेच चुकलं. हे रेल्वेत सिग्नलचे इंजिनिअर होते. रिटायर झाल्यापासून घरातली प्रत्येक गोष्ट ह्यांना सुधारायची असते. माझा डाळीचा डबा कुठे ठेवला तर पावलं वाचतील, यावर ह्यांनी एकदा मला प्रेझेंटेशन दिलं होतं. ह्यांना कसाव्याचा कारखाना मिळाला, म्हणजे आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन.

“पहिल्यांदा पायलट प्रोजेक्ट इथेच करू,” हे म्हणाले. “कन्झर्व्हेटरीत साउथ-फेसिंग ऊन आहे. मी टेम्परेचर लॉग करतो.”

“अहो, ऊन आहे कुठे पण?”

“मे आहे. येईल.”

तिने आणलेला स्टार्च भिजवून मी चीक शिजवला, जिरं-मीठ घातलं, आणि आम्ही दोघींनी सोऱ्या आळीपाळीने दाबून त्या काचेच्या कन्झर्व्हेटरीभर कुरडया पाडल्या. कसाव्याचा चीक गव्हाच्या चिकापेक्षा चिवट. तो सोऱ्यातून निघेना, निघाला की तुटेना. शेजारीण म्हणाली, बाळंतपणं केली त्यांत याहून कमी जोर लागायचा. आणि कुरडया पडल्या त्या क्षणाला जे ढग आले, ते आठवडाभर हललेच नाहीत. मी वाट बघितली, मग कुरडया रेडिएटरवर ठेवल्या. तिथे मावेनात म्हणून गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या एअरिंग कबर्डमध्ये चादरींवर ठेवल्या. तिथूनही उरल्या त्या मुलीच्या रिकाम्या खोलीत पसरल्या आणि खिडकी किलकिली ठेवली.

मुलगी नॉटिंगहॅमला नोकरी करते, इथेच जन्मलेली. ती न कळवता वीकेंडला आली. वरून तिची हाक आली, “आई, माझा बेडवर हे कसला वर्म्स आहेत?”

“कुरडया आहेत गं, राजा. वाळतायत.”

“पण एक स्क्विरल पण आहे. तो खातोय.”

खार तेवढी एकटी समाधानी होती. बाकीच्या कुरडयांना हिरवी लव आली होती. एअरिंग कबर्डमधल्यांनी चादरींना असं काही धरलं होतं, की त्या सोडवताना एका चादरीचा तुकडाच निघाला. ह्यांनी टेम्परेचरचा ग्राफ मात्र सुंदर काढला होता. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं मी म्हटलं तर हे म्हणाले, “निगेटिव्ह रिझल्ट हाही रिझल्टच असतो.”

शेजारीण ते सगळं बिनमध्ये भरताना थांबली आणि म्हणाली, “आपण वेड्या आहोत का? ऊन तिकडे आहे. स्टार्च तिकडे आहे. मग आपण तो वाळवून, पिशवीत भरून, विमानाने इथे आणून पुन्हा ओला का करतोय?”

मी चिकट सोऱ्या धुतला आणि तिच्या हातात ठेवला.

ऑगस्टमध्ये ती घानाला गेली ती माझा पितळी सोऱ्या हँडबॅगेत घालून. हीथ्रोला सिक्युरिटीवाल्यांनी तिला बाजूला घेतलं. जाड पितळेची नळी, आत दट्ट्या, खाली भोकांच्या चकत्या. हे काय आहे म्हणून विचारलं तर ती म्हणाली, “माझ्या शेजारणीच्या धार्मिक उपवासाचं उपकरण आहे.” मग उपवासात नक्की काय करतात, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, “तळलेलं खातात.” त्या माणसाने म्हणे दट्ट्या एकदा आत-बाहेर करून बघितला आणि सोऱ्या परत दिला.

तिकडच्या लोहाराने त्याच्यासारखेच आणखी घडवले. आणि मग सुरू झाले ह्यांचे व्हिडिओ कॉल. हे आमच्या किचनमध्ये मळलेली कणीक सोऱ्यात घालून ओट्यावर प्रात्यक्षिक करणार, आणि तिकडे अंगणात सगळ्या बायका फोनभोवती गोळा होऊन बघणार. ह्यांनी दट्ट्या दाबताना तोंड वाकडं केलं की तिकडे हशा पिकायचा. “दे आर व्हेरी एंगेज्ड,” हे मला म्हणायचे. शेजारणीने मला नंतर सांगितलं, की गावात ह्यांचा कॉल असला की शेजारपाजारची माणसंसुद्धा खुर्च्या घेऊन येतात.

ऑक्टोबरमध्ये ती परत आली ती मोठा डबा घेऊन. कुरडया बघून मी खूश झाले. पांढऱ्या, खडखडीत, एकसारख्या. असं वाळवण मी इंग्लंडमध्ये आयुष्यात बघितलं नव्हतं. तेल तापवलं, पहिली कुरडई सोडली, ती भसकन फुलली आणि घरात एक वास सुटला. वास ओळखीचा होता, पण अशा ठिकाणी की मला क्षणभर उमगेना. हे हॉलमधून धावत आले.

“सोडे?” ह्यांनी विचारलं. “सोडे तळतेयस?”

हे रायगडकडचे. मी लग्नानंतर घरात सुकी मासळी येऊ दिली नाही, त्यामुळे ह्यांच्या आवाजात इतक्या वर्षांची भूक होती. शेजारीण सहजपणे म्हणाली, “अगं हो, बायकांनी चव घेतली. त्या म्हणाल्या, याला तर काहीच चव नाही, बिचाऱ्या उपासाच्या लोकांनी खायचं तरी काय? म्हणून त्यांनी सुक्या कोळंबीची पूड घातली. आणि थोडी मिरची.”

मी कपाळावर हात मारला. तिला समजावलं, की उपासाला कोळंबी चालत नाही, मासे चालत नाहीत, अंडं चालत नाही. तिने विचारलं, मग कांदा? नाही. हळद? आमच्याकडे नाही. बटाटा? चालतो. मिरची? हिरवी चालते, लाल काहींना चालते. जिरं? आम्हांला चालतं, काहींना चालत नाही. “कोणी ठरवलं हे?” तिने विचारलं. मी म्हटलं, ते विचारायचं नसतं. आमचं हे चालू असताना हे एका कोपऱ्यात उभे राहून घाणा संपवत होते. डोळ्यांत पाणी होतं. मिरचीचं असं ह्यांचं म्हणणं आहे.

जानेवारीत नवीन डबा आला, या खेपेला मी स्वतः फोनसमोर बसून करून घेतलेला, नुसता जिरं-मिठाचा. आणि त्याच सुमाराला गिऱ्हाईकही सापडलं. ईलिंगला एका गुजराती दुकानदाराचं मोठं दुकान आहे, मी तिथून वरीचे तांदूळ आणते. त्याने एक कुरडई हातात धरून उजेडात बघितली आणि म्हणाला, “बेन, मी तो यातलं समजत नाही. तुमच्या मंडळाच्या बायकांनी पास केलं, तर कायम ठेवतो. दर महिन्याला माल द्यायचा.” महाशिवरात्रीला मंडळाचा फराळ असतो. तो म्हणाला, मी स्वतः येतो.

म्हणजे तिचं जाणं आता एका दुपारवर येऊन ठेपलं. त्या आठवड्यात आम्ही दोघी जरा जास्तच हसत होतो. ती म्हणायची, “पास होऊ दे गं देवा.” मी म्हणायचे, “होणारच.” आणि घरी येऊन मी कुकर आपटायचे. हे विचारायचे, काय झालं? मी म्हणायचे, तुम्हांला नाही कळायचं.

महाशिवरात्रीला आम्ही चर्चचा हॉल घेतला होता. एका बाजूला शंकराची पिंडी, मागे भिंतीवर येशू, आणि मधे फराळाचं टेबल. शेजारीण माझी साडी नेसून आली होती, तिच्याच स्टार्चची, या वेळी चमचाभरच घालून. साडी तिला माझ्यापेक्षा शोभत होती. मी किचनमध्ये कुरडया तळत होते आणि ती परातीत रचून बाहेर नेत होती. दुकानदार दाराशी उभा होता.

आमच्या मंडळात एक काकू आहेत, ऐंशीच्या पुढच्या. उपासाला काय चालतं याचं हायकोर्ट म्हणजे त्या. त्यांनी मान हलवली की ईलिंगपासून हॅरोपर्यंत सगळ्यांची हलते. त्यांनी एक कुरडई घेतली, मोडली, चाखली. मी झारा हातात घेऊनच बाहेर आले.

“चव बरी आहे,” काकू म्हणाल्या. “पण जाड आहे गं. पुढच्या वर्षी बघू.”

एका मुलीने ते शेजारणीला इंग्रजीत सांगितलं, आणि दुकानदाराने खिशात हात घातले. मी शेजारणीकडे बघितलं नाही. माझ्या मनात काय आलं ते सांगते: चला, एक वर्ष मिळालं. एवढंच आलं. मी नुसती गप्प बसले असते तरी पुरलं असतं. तोंडाने काही खोटं बोलायचीही गरज नव्हती.

पण काकूंना एवढ्यावर राहवलं नाही. आणखी एक कुरडई मोडत त्या बाजूला बसलेल्या बाईंकडे झुकून, अगदी हळू नव्हे, म्हणाल्या, “आणि शेवटी कुठल्या कुठल्या बायकांच्या हातचं. उपासाच्या दिवशी नकोच वाटतं.”

झालं. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

“काकू,” मी म्हटलं, “तुमच्या ताटातला बटाटा कुठल्या सोवळ्यातल्या बाईने खणला? मिरची कोणाच्या परसातली? साबुदाणा ज्या कारखान्यातून येतो तिथे कोणाचे हात लागतात, ते तुम्ही जाऊन बघितलं आहे का? या कुरडया मी करून घेतल्यात. पाणी बदलताना, चीक शिजताना, ऊन लागताना मी फोनवर समोर होते. तुमच्या सुनेने आणलेली वेफर्सची पुडी कोणी तळली ते सांगा बघू मला. आणि जाड म्हणताय, तर तुम्ही बोलताबोलता चार संपवल्यात, काकू. मी मोजल्यात.”

कोणीतरी फसकन हसलं, मग सगळा हॉल हसला. मला वाटलं, काकू आता उठून जाणार. पण म्हातारी खमकी. त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं, रिकामी बशी पुढे केली आणि म्हणाल्या, “जास्त बोलतेस. पाचवी आण.” मग शेजारणीला हाताने जवळ बोलावून इंग्रजीत म्हणाल्या, “व्हेरी नाइस. नेक्स्ट टाइम थोडा थिन.”

दुकानदार माझ्याकडे आला. “बेन,” तो म्हणाला, “मे महिन्यापासून चालू करा.”

टाळ्या वाजल्या. भांडण मी असं काही जिंकले होते, की लोक येऊन हात मिळवत होते. मी सगळ्यांशी हसून बोलत होते आणि मग एकदम माझ्या लक्षात आलं, की मी काय करून बसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

परत येताना हे गाडी चालवत होते आणि आम्ही दोघी मागे बसलो होतो. हे उत्साहात होते. दर महिन्याचा माल म्हणजे हाताच्या सोऱ्याने भागणार नाही, इलेक्ट्रिक हवा, ड्रॉइंग उद्याच पाठवतो. मी बाहेर बघत होते. नेसलेली माझी साडी शेजारणीने मांडीवर दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

घर जवळ आलं तशी ती म्हणाली, “त्या बाई पुढच्या वर्षी म्हणाल्या ना, तेव्हा मला किती सुटल्यासारखं वाटलं होतं.”

मला आधी नीट कळलंच नाही. “म्हणजे?”

“मला नाही गं जायचं. कधीच जायचं नव्हतं. तिकडे आता मला आपली म्हणणारं भावाशिवाय कोण आहे? जाणार, जाणार असं आपण सगळेच म्हणतो. तुम्ही दोघंही इतकी वर्षं पुण्याला परत जाणारच आहात की.”

“मग बोलायचं नाहीस का?” माझा आवाज चढला. “वर्षभर मी मरमर केली. मी सोऱ्या दिला तुला. आत्ता त्या काकूंशी भांडले मी.”

“तू इतक्या हौसेने लागली होतीस,” ती म्हणाली. “रोज विचारायचीस, गिऱ्हाईक मिळालं का, माल आला का. मला वाटलं, मी जावं असं तुला वाटतंय.”

“मग नको जाऊस,” मी एवढंच म्हटलं.

“आता? भावाने याच भरवशावर आधीच नवीन टाकी बांधायला घेतली. बायकांनी इतर कामं सोडली. तुझ्या नवऱ्याचा रविवारी फोन आला नाही तर अख्खं गाव विचारतं.” ती जरा हसली आणि मग तोंड फिरवून रडायला लागली. मी तिचा हात धरला, आणि मलाही रडू फुटलं. मला तिचा राग आला होता, स्वतःचा आला होता, काकूंचा तर फारच आला होता. एका वर्षाची मुदत आयती हातात दिली होती म्हातारीने, आणि मग नको ते बोलून माझ्याकडूनच ती घालवली.

हे आरशातून आमच्याकडे बघत होते. ह्यांना वाटलं, आनंदाने रडतायत.

“घर आलं,” हे म्हणाले, गाडी बंद केली, आणि रिकामी परात काढायला डिकीकडे गेले. आम्ही दोघी मागेच बसून राहिलो.